ब्रुनोच्या गोळ्यांचा कोर्स

ब्रुनोचा कान उलटा करून बघितला आणि हातातला टॉर्च भिंतीवर आपटावासा वाटला. पुन्हा तेच. लाल, सुजलेली कातडी, आत तपकिरी मेणचट घाण आणि आंबलेल्या पिठाचा तो वास. हा वास एकदा नाकात बसला की कुत्रा टेबलावर चढायच्या आधीच निदान होतं. वर्षभरात ही चौथी वेळ होती.

"म्याडम, परत झालं व्हय?" दत्तूभाऊंनी विचारलं. ते ब्रुनोचं डोकं धरून उभे होते.

"झालं. गोळ्या रोज देत होतात ना?"

"त्ये हिच्याकडं असतंय समदं. सकाळी भाकरीत घालून देती."

मी जनावरांची डॉक्टर. सोमाटण्याला माझा दवाखाना आहे आणि दर मंगळवारी मी लोणावळ्यातल्या बंगल्यांवर व्हिजिटला जाते. या बंगल्यांचे मालक मुंबई-पुण्याला राहतात, शनिवार-रविवार येतात. कुत्रा मात्र आठवडाभर केअरटेकरच्या जिवावर असतो. ब्रुनो हा सात वर्षांचा लॅब्राडोर. त्याला सांभाळायचे दत्तूभाऊ आणि त्यांची बायको सुमनमावशी. दोघं मूळचे तिकोणा पेठेचे. अकरा वर्षं बंगल्यामागच्या आउटहाऊसमध्ये राहत होते. गावातली खोली त्यांनी धाकट्या भावाला देऊन टाकली होती, त्यामुळे ते आउटहाऊस हेच त्यांचं घर.

ब्रुनोला होतं ते यीस्ट इन्फेक्शन. यीस्ट ही बुरशीच्या कुळातली. पावाचं पीठ जी फुगवते तिची लांबची नातेवाईक. निरोगी कुत्र्याच्या कातडीवरही ती असतेच, पण गप पडून असते. ॲलर्जी झाली, कान ओले राहिले, अंगात काही बिघडलं की ती वाढायला लागते. लोणावळ्याची दमट हवा तिला चांगलीच मानवते. कानातली घाण काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितली की मध्ये कंबर असलेले शेंगदाण्यासारखे दाणे दिसतात. ती मारणं अवघड नाही. पण गोळ्या महिनाभर, पूर्ण डोसमध्ये, एकही दिवस न चुकवता द्याव्या लागतात. कमी डोस दिला तर ती फक्त दबते आणि मग परत येते.

मी सगळं करून बघितलं. थायरॉइडची टेस्ट नॉर्मल आली. खाणं बदललं. शाम्पू बदलला, तो दहा मिनिटं अंगावर ठेवायचा हे दत्तूभाऊंना घड्याळ दाखवून शिकवलं. तिसऱ्या वेळी तर ब्रुनोला अठरा दिवस माझ्याच दवाखान्यात ठेवून घेतलं. तीच गोळी, तोच डोस, माझ्या हाताने. कान कोरडे ठणठणीत झाले. उरलेल्या बारा दिवसांच्या गोळ्या देऊन घरी पाठवला आणि पाच आठवड्यांत महाराज हा वास घेऊन परत हजर.

तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. मी लॅबला शिव्या दिल्या, गोळ्यांच्या कंपनीला शिव्या दिल्या, पावसाळ्याला शिव्या दिल्या.

त्या मंगळवारी चौथ्यांदा नवा कोर्स दिला आणि त्याच संध्याकाळी साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे ब्रुनोचे मालक.

"डॉक्टर, आता मी खरंच कंटाळलो. माझा नातू दोन वर्षांचा आहे. याला बिलगतो. त्याला झालं तर?"

"कुत्र्याची ही यीस्ट धडधाकट माणसाला सहसा त्रास देत नाही."

"सहसा! एक महिना देतो तुम्हाला. नाहीतर मी याला कुठे तरी देऊन टाकतो."

सात वर्षांचा, कान वाहणारा लॅब्राडोर कोणी घेत नाही. देऊन टाकतो म्हणजे वलवणच्या पुढे गाडीचं दार उघडून सोडतो, हे आम्हा मावळातल्या डॉक्टरांना पाठ आहे. असे पट्टा घातलेले कुत्रे हायवेच्या कडेने गाड्यांमागे पळताना मी पुष्कळ बघितले आहेत.

शुक्रवारी मी न कळवता बंगल्यावर गेले. दत्तूभाऊ बाजारात गेले होते. सुमनमावशी किचनमध्ये भांडी पुसत होत्या. पन्नाशीच्या, बारीक, आणि वर्षभरात आणखी बारीक झालेल्या. ते मला दिसलं होतं, पण मी कुत्र्याची डॉक्टर.

"मावशी, गोळ्यांचा डबा आणा बरं."

डबा आला. मी पाकिटं बघितली. मंगळवारपासून जेवढ्या संपायला हव्यात तेवढ्या बरोबर संपल्या होत्या.

"रोज एक देताय?"

मावशी पुसलेलं भांडं परत पुसायला लागल्या.

"मावशी, हा बरा झाला नाही तर साहेब त्याला ठेवणार नाहीत. खरं सांगा. रोज एक पूर्ण गोळी त्याच्या पोटात जाते का?"

"अर्दी."

"अर्धी? आणि उरलेली अर्धी?"

"मी घेती."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. त्यांनी फडकं ओट्यावर ठेवलं, दाराकडे बघितलं आणि खालच्या आवाजात सांगायला लागल्या. दोन वर्षं खाज होती. खाली. अंगावरून पांढरं जायचं, दह्याच्या कवडीसारखं. रात्र रात्र झोप नाही. एकदा सरकारी दवाखान्यात गेल्या होत्या.

"तितं बाप्या डाक्टर. मागं धा बायांची लाइन. काय व्हतंय म्हनला. मी म्हनलं पोटात दुखतंय. त्यानं पोटाच्या गोळ्या दिल्या."

"दत्तूभाऊंना सांगितलं?"

"सांगितलं. उष्नता हाय म्हनले. धने-जिऱ्याचं पानी पी, खडीसाखर घालून. दोन टाइम पिती की. कमी न्हाई झालं."

"पण मावशी, कुत्र्याची गोळी? तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "तुमीच की."

"मी?"

"पयल्यांदा आलावता तवा. ह्ये बुरशीचं हाय म्हनला. बायकास्नीबी व्हतं म्हनला, लय खाजतंय, गोळी ह्या जातीचीच अस्ती म्हनला. मला वाटलं, तुमाला कळलं माजं. म्हनून सांगताय आडून."

मी खरंच तसं म्हणाले होते. मला लेक्चर द्यायची सवय आहे. समोरचं माणूस जरा लक्ष देऊन ऐकतंय असं दिसलं की मी यीस्टचा सगळा खानदानी इतिहास सांगते. मावशी लक्ष देऊन ऐकत होत्या आणि मला वाटलं होतं, किती हुशार बाई आहे. दोन वर्षांत त्यांना भेटलेली एकमेव बाई डॉक्टर मी होते, आणि मी कुत्र्याचे कान बघत होते.

"पूर्ण घेतली आस्ती तर त्याचं राहिलं आस्तं," त्या म्हणाल्या. "त्यो मुका जीव. म्हनून अर्दी अर्दी केली. घेतली की माजं कमी व्हायचं. मंग परत."

दोघांचंही कमी व्हायचं आणि दोघांचंही परत यायचं. मी विचारलं, तहान किती लागते? लय. रात्री किती वेळा उठता? चार-पाचदा. वजन? ब्लाउज सगळे ढिले झाल्यात. माझ्या बॅगेत ग्लुकोमीटर असतो, कुत्र्यांसाठी. मावशींच्या बोटाला सुई टोचली. आकडा चारशेच्या पुढे आला.

यात न समजण्यासारखं काही नाही. रक्तात साखर वाढली की लघवीत उतरते आणि तिथे यीस्टला मेजवानी मिळते. गोळीने ती मरते, साखर तशीच राहते, ती पुन्हा येते. वारंवार यीस्ट होणाऱ्या बाईची शुगर बघायची, हे कुठल्याही डॉक्टरला माहीत असतं. आणि या बाई त्यावर दोन वेळा खडीसाखरेचं पाणी पीत होत्या.

"मावशी, कुत्र्याची गोळी बंद. आजपासून. खडीसाखरही बंद. मंगळवारी मी येते, तळेगावला एक बाई डॉक्टर आहेत, माझ्या ओळखीच्या, त्यांच्याकडे जाऊ."

"कुनाला सांगू नका. आमच्या ह्यास्नीबी न्हाई."

"नाही सांगत."

त्याच दिवशी न्यायला हवं होतं. पण सोमाटण्यात दोन अपॉइंटमेंट थांबल्या होत्या, एक मांजर आणि एक बकरी. त्या दोन अपॉइंटमेंटचा मला आज मनापासून राग येतो.

सोमवारी साहेबांचा फोन. एक चांगलं घर मिळालंय म्हणाले, खोपोलीकडे कोणाचं तरी फार्महाऊस, रविवारी ब्रुनोला पाठवतोय.

"पाठवू नका. तुम्ही महिना दिला होतात. तो बरा होणार आहे. आता कारण सापडलंय."

"काय कारण?"

"डोस अर्धा जात होता."

"का? गोळ्या कमी पडल्या? का दत्तू विसरत होता? मग दत्तूलाच काढतो."

"दत्तूभाऊंची काही चूक नाही." एवढं बोलून मी थांबायला हवं होतं. तीस वर्षांची सवय थांबू देत नाही. पेशंट बोलत नाही, म्हणून त्याच्याबद्दल जे जे कळलं ते सगळं मालकाला सांगायचं, स्पष्ट, कारणासकट, हे आमच्या हाडात मुरलेलं असतं. आणि खरं सांगायचं तर, माझं औषध फेल गेलं नव्हतं हेही मला सांगायचं होतं. मी सांगितलं. मावशी अर्धी गोळी घेत होत्या. त्यांनाही यीस्ट आहे. शुगर खूप वाढली आहे. त्यांना उपचार हवेत, रागावू नका.

साहेबांनी आवाज चढवला नाही.

"ती माझ्या किचनमध्ये स्वयंपाक करते, डॉक्टर."

"हे जेवणातून लागत नाही. मी लिहून देते हवं तर."

"तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत. थँक यू."

मंगळवारी सकाळी मी गाडी घेऊन गेले. आउटहाऊसला कुलूप होतं. गेटवर नवा माणूस, एजन्सीचा, युनिफॉर्ममधला. जुने लोक काल संध्याकाळी टेम्पोने गेले म्हणाला. ब्रुनो शेपूट हलवत आला. मी त्याच्या पूर्ण गोळीची सोय लावली, चार्ट भिंतीला चिकटवला आणि तशीच तिकोणा पेठेला निघाले.

भावाच्या पडवीत त्यांचं सामान रचलेलं होतं. दत्तूभाऊ उठले नाहीत.

बसाही म्हणाले नाहीत. "म्याडम, अकरा वर्सं काडली आमी तितं. साहेब काल सोता आले, चार मान्सांसमोर इचारलं मला, तुजी बायको कुत्र्याच्या गोळ्या खाती, तुला ठावं न्हाई? समद्या गावाला कळलंय आता."

मी माफी मागितली. चूक माझी, मावशींची नाही, असं दोनदा म्हणाले. त्यांनी मान फिरवली.

मावशी आतून आल्या. मी म्हणाले, गाडी आणली आहे, आत्ता तळेगावला जाऊ. त्या उंबऱ्याच्या आतच उभ्या राहिल्या.

"आता कुटं न्हाई येत म्याडम. परत कुनापुढं सांगायचं न्हाई मला."

"मावशी, शुगर अंगावर काढण्यासारखी नाही. पाय जातात, डोळे जातात."

"जाऊ द्या."

मी चिठ्ठी लिहिली, डॉक्टर बाईंचं नाव, पत्ता, शुगरचा आकडा. दत्तूभाऊंनी ती न वाचता खिशात घातली. मी चप्पल घालत होते तेव्हा मावशींनी आतून विचारलं, "त्याचं कान कसं हायत?"

"बरे होतील," मी म्हणाले. रस्त्यात दोनदा गाडी थांबवून रडले. एवढ्या वयात स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडताना लोक बघतात, त्याचंही मला काही वाटलं नाही.

त्यानंतर तळेगावच्या डॉक्टरबाईंना मी विचारत राहिले. अशी कोणी पेशंट आली नाही. दत्तूभाऊंना फोन केला की "लावनी झाल्यावर जाऊ" म्हणायचे, मग "सुगी झाल्यावर". आता तो नंबर लागत नाही. मी आणखी दोनदा पेठेला गेले. दोन्ही वेळा दार भावाच्या बायकोने उघडलं आणि मावशी घरात नाहीत म्हणाली. दुसऱ्या वेळी आतून खोकल्याचा आवाज आला, मला तो ओळखू आला.

ब्रुनो एका महिन्यात बरा झाला. परत काही झालं नाही. साहेबांनी बंगलेवाल्यांच्या ग्रुपवर माझं कौतुक लिहिलं आणि मला तीन नवे बंगले मिळाले.

हल्ली मी कुठल्याही घरी गेले की आधी विचारते, घरात आणखी कोणाला खाज येते का? बायका असतील तर त्यांना बाजूला घेऊन विचारते. तीन-चार जणींना वेळेवर डॉक्टरकडे धाडलंही. पण त्यांच्याबद्दल मी मालकांना काहीही सांगत नाही. कुत्र्याचा रिपोर्ट मालकाला द्यायचा असतो. सुमनमावशींचाही मी तसाच दिला.