वचन न गाळणारे सासरे

उद्या प्रलय आला आणि तारवात शिरायला दोनच मिनिटं उरली, तरी माझे सासरे आधी तारवाची लांबी, रुंदी, उंची नीट समजावून सांगतील आणि मगच आत पाऊल टाकतील. शरणपूर रोडजवळच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचे ते पाळक, म्हणजे धर्मगुरू. शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एक पुस्तक घ्यायचं आणि पहिल्या वचनापासून शेवटच्या वचनापर्यंत ओळीनं उलगडत जायचं, असा त्यांचा उपदेशाचा नेम. लग्न असो, बाप्तिस्मा असो, क्रम मोडायचा नाही. माझ्याच लग्नात देवानं परीक्षा पाहिलेल्या इयोबाच्या अंगावरच्या गळवांची पाळी आली होती. ओझरच्या कारखान्यातले माझे मित्र त्यावरून अजून मला छळतात. सासऱ्यांना विचारलं तर म्हणायचे, "जावईबापू, वाढप्यानं आपल्या आवडीचं वाढू नये. सगळं वाढावं आणि ओळीनं वाढावं. भूक लावणारा वेगळा आहे." टीव्हीवरची मालिकासुद्धा मधूनच बघणं त्यांना पटत नाही, त्यामुळे त्यांनी आजवर एकही पाहिलेली नाही.

एका नाताळला त्यांनी मत्तयाचं शुभवर्तमान हाती घेतलं. त्याची सुरुवातच येशूच्या वंशावळीनं. मंडळीचा कारभार पाहणारे पंच अक्षरशः हातापाया पडले. "साहेब, आज बाहेरची माणसं येणार. तारा घ्या, त्याच्या मागून आलेले मागी लोक घ्या. नुसती नावं कोण ऐकणार?" सासरे हसले आणि अब्राहामापासून निघाले. पोरं झोपली, गायकमंडळी जांभया देऊ लागली. शेजारधर्म म्हणून आलेले आमचे शेजारी काका मात्र ताठ बसून ऐकत होते. ते मूळचे त्र्यंबकेश्वरचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य. राहाबेच्या नावापाशी सासरे चांगलेच रेंगाळले. परक्या गावची, बदनाम बाई, आणि तिचं नाव प्रभूच्या घराण्यात. "हिला इथं जागा आहे, मग तुम्हाआम्हाला का नसावी?"

बाहेर पडताना काका मला म्हणाले, "श्राद्धाला नको ती नावं गाळा म्हणणारे यजमान आम्ही पुष्कळ पाहिलेत. तुमच्या साहेबांनी एक नाव गाळलं नाही. पुढच्या रविवारी पुढचं आहे ना?"

काका येत राहिले. मंडळीतली तरुण माणसं मात्र चटपटीत उपदेश ऐकायला दुसरीकडे पांगली आणि पंचांनी वयाचं निमित्त करून सासऱ्यांना निवृत्त केलं. मत्तय निम्म्यावरच राहिला. निरोपाची शाल घेऊन आमच्याकडे राहायला आले तेव्हा माझ्या बायकोला म्हणाले, "बाई, जन्मभर वाढलं. कुणाच्या पोटात काही गेलं असेल का गं?" मला फार वाईट वाटलं.

उरलेला मत्तय त्यांनी आमच्या गॅलरीत, संध्याकाळच्या चहाबरोबर, एकट्या काकांसाठी पूर्ण केला. हल्ली त्यांना विसरायला होतं. परवा त्यांनी मत्तय पुन्हा पहिल्यापासून काढला. तो संपवलाय हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. काका कप खाली ठेवून ऐकत बसले. नावं म्हणता म्हणता सासरे सल्मोनापाशी अडखळले आणि थेट बवाजावर गेले. माझ्या देखत त्यांच्याकडून काही गळण्याची ही पहिलीच वेळ.

"साहेब," काका हळूच म्हणाले, "मधे राहाब आहे. तिला जागा द्यायची ना?"

सासऱ्यांनी काकांचा हात हातात घेतला आणि आत हाक मारली, "बाई, परत चहा टाक. आज आम्ही राहाबेपाशीच थांबणार आहोत."