गंगव्वांचं उखळ

गंगव्वांनी दारू प्यायलेल्या माणसाला ‘का प्यालास?’ असं कधी विचारलं नाही. दारात कोणी झुलत उभा राहिला तरी त्यांचा प्रश्न ठरलेला, आणि तोही कानडीत: ‘ऊटा आयता?’ म्हणजे, जेवण झालं का? उत्तर काहीही येवो, पुढ्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी यायचीच. सोलापुरातल्या आमच्या गल्लीत भाकरी-चटणी विकायचा त्यांचा धंदा होता. आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणायचो.

माझे बाबा यंत्रमागावर कामाला. दिवसभर गरीब गाय. संध्याकाळी कारखाना सुटला की पाय गुत्त्याकडे वळत. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवायला लावून त्यांना कितीदा शपथा घातल्या. शपथ मोडली की आता मी मरणार, या धास्तीने मी रात्रभर जागी असायची. हे कळलं तेव्हा अव्वा आईवर उखडल्या.

‘पोरीच्या डोस्क्यावर हात ठिवून ताप उतरतो व्हय गं सुमन? आजार हाय त्यो. दवाखान्यात चल.’

त्या स्वतः सोबत आल्या. डॉक्टरांनी बाबांना दाखल करून घेतलं. रोजची दारू एकदम तोडणंही जिवावर बेतू शकतं, हे आम्हाला कुठे ठाऊक! घरी आल्यावर औषधं चालू होती, पण संध्याकाळ खायला उठायची. तेव्हा अव्वांनी उखळ पुढे केलं.

‘दत्तू, माजे खांदे गेले रं. सांच्याला येऊन शेंगा कुटत जा की.’

खांदे त्यांचे ठणठणीत होते! बाबा कुटायचे, अव्वा लसूण-तिखट टाकत अक्कलकोटच्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या आणि जेवू घालूनच त्यांना घरी सोडायच्या.

वर्ष बरं गेलं. मग मंडळाने गणपतीत ‘व्यसनमुक्त’ म्हणून बाबांचा जाहीर सत्कार ठरवला. अव्वा म्हणाल्या, ‘ताप उतरला म्हनून हार घालत्यात व्हय?’ पण ऐकतो कोण? शाल, नारळ, टाळ्या; आईने नवी साडी नेसली. पंधरवडा झाला नाही तोच बाबा पिऊन आले. अख्ख्या गल्लीसमोर हार घातलेला माणूस तोंड कुठे दाखवणार? कामाला जाईनात, दार उघडेनात, ‘जगून तरी काय करू’ म्हणू लागले.

अव्वांनी दार वाजवलं. ‘दत्तू, ऊटा आयता?’

आतून नुसता हुंदका आला.

‘ताप उलटला, येवढंच. लई लोकांचा उलटतो. उद्या दवाखाना, आन् परवापास्नं कुटायला ये. शेंगा भाजून पडल्यात.’

बाबांनी कडी काढली. त्यानंतर मला जो बाप लाभला, तो या बाईमुळे. हे ऋण फेडायच्या भानगडीत मी पडत नाही, ते फिटणारच नाही.

गेल्या वर्षी अव्वा गेल्या. परवा समोरचा महेश, उपचार घेऊन आलेला, पुन्हा प्याला. ओट्यावर मान खाली घालून बसला होता, त्याची आई कडाकडा बोटं मोडत होती आणि गल्ली तमाशा बघत होती. बाबांनी पायात चपला सरकवल्या, रस्ता ओलांडला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.

‘ऊटा आयता?’

बाबांना कानडी येत नाही. येतं ते एवढंच.