तिसरे एम. ए.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, एका सोमवारी दुपारी, माझ्या खोलीच्या मालकाने पाली विषयात एम. ए.ला प्रवेश घेतला. हे त्याचे तिसरे एम. ए. पहिले राज्यशास्त्राचे, दुसरे लोकप्रशासनाचे. दोन्ही पूर्ण झालेली. नवे शतक लागून चार-पाच वर्षे झाली होती आणि शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते.

विद्यापीठाच्या वसतिगृहात ज्याच्या नावावर खोली असे त्याला मालक म्हणत. खोली नावावर नसताना त्याच्याबरोबर राहणारा पॅरासाइट. हा शब्द तिथे शिवीसारखा कोणी वापरत नसे. 'मी अमक्याचा पॅरासाइट' अशी सरळ ओळख करून दिली जाई. मला वृत्तपत्रविद्येला प्रवेश मिळाला होता, वसतिगृहात मिळाला नव्हता. ओळखीच्या ओळखीने मी त्याच्या खोलीत आलो. पॅरासाइटने खाली झोपायचे, पाणी भरायचे, आणि रेक्टर फेरीला आले की बॅग पाठीला लावून अभ्यासिकेचा रस्ता धरायचा, एवढे नियम होते. मालकाला नावाने हाक मारायची नाही, हाही एक.

मालक लासूर स्टेशनचा. घरी शेती आणि बाजारात आडत, म्हणजे शेतकऱ्यांचा माल लिलावात विकून देण्याचा धंदा. तो राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करत होता. प्रवेश असेपर्यंत खोली राहत असे. म्हणून तयारी करणारी मुले एक एम. ए. संपले की दुसरे घेत. विषय निवडताना एकच गोष्ट पाहायची, तासाला गेले नाही तर कोणाच्या लक्षात येणार नाही ना. या हिशेबाने मालकाने पाली निवडले. जिथे कोणी जात नाही तिथे विचारणार कोण, असे त्याचे म्हणणे होते.

प्रवेश घेतल्याच्या संध्याकाळी आम्ही मेसला गेलो. मेस चालवणारे चाचा खुलताबादचे. त्यांना बातमी आधीच पोचली होती.

"क्या मालक, तिसरी बार दूल्हा बने सुना?"

"व्हय चाचा. पण नवरी लई म्हातारी हाय."

"म्हातारी जपते, बेटा. जवान सोडून जाते. तुला दोन सोडून गेल्याच की."

पाली विभागात त्या वर्षी पाच विद्यार्थी होते. मालकाचा हिशेब इथे चुकला. साठ मुलांच्या वर्गात गैरहजर राहता येते, पाचांच्या वर्गात येत नाही. पहिल्या आठवड्यात तो एकदाही गेला नाही. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी आमच्या दारावर टकटक झाली. मी उघडले. दारात चीवर घातलेले भंते उभे होते. वयाने आमच्याहून लहान, नांदेडकडचे, मालकाचे वर्गमित्र.

"पाली घेतलेले मालक इथंच राहतात का?"

मालक पांघरुणातून म्हणाला, "नाहीत, गावाला गेलेत."

"मग तुम्हीच चला," भंते म्हणाले. "मॅडम खडू हातात धरून उभ्या आहेत. सगळे आल्याशिवाय सुरू करत नाहीत. आम्ही चौघे बसून आहोत."

मालक उठला, तोंडावर पाणी मारले आणि गेला. दुसऱ्या दिवशी भंते पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही. वसतिगृहात चेष्टा सुरू झाली. 'मालकाला न्यायला भंते येतात, आता मुंडण कधी?' असे जिन्यात विचारले जाऊ लागले. भंते हसत आणि दाराशी उभे राहत. चौथ्या की पाचव्या दिवशी मालक त्यांच्या आधी तयार होऊन बसला.

मॅडमना मी एकदाच भेटलो. त्या वयस्क होत्या, निवृत्तीला थोडीच वर्षे उरलेली. मालकाबद्दल त्या एवढेच म्हणाल्या, "उशिरा येतो, पण आल्यावर खिडकीबाहेर बघत नाही."

खिडकीबाहेर बघण्यासारखे पुष्कळ होते. मागे डोंगर, डोंगराच्या पोटात लेणी, पुढे झाडांवरून मकबऱ्याचा घुमट. पावसाळ्यात डोंगर हिरवा होई आणि दिवाळीनंतर तांबूस. सकाळी कमवा आणि शिका योजनेतली मुले झाडांना पाणी घालत, मग आंघोळ करून त्याच झाडांखालून वर्गात जात. दुपारी अभ्यासिकेत जागा धरण्यासाठी खुर्चीवर रुमाल टाकलेले असत. पुढे नोकरीत मी बऱ्याच शहरांत राहिलो. कुठल्याही गावात ओल्या मातीचा आणि उकळत्या चहाचा वास एकत्र आला की मला विद्यापीठाचे कॅन्टीन आठवते. इतर कुठल्या जागेबद्दल असे होत नाही.

पहिल्या वर्षाच्या हिवाळ्यात खोलीतली पुस्तके बदलली. भूगोल आणि अर्थशास्त्राची जाड पुस्तके खाटेखाली गेली. त्यांच्या जागी विभागाच्या ग्रंथालयातली पुठ्ठा सुटलेली पुस्तके आली. मालक दाढी करताना गाथा म्हणे. अडला की थांबे, वस्तरा तसाच धरून आठवे, मग पुढे जाई. एकदा तो माझ्यासमोर हात धरून म्हणाला, "हत्थ. हात. कायच बदललं नाय बघ. माझी आजी बोलायची तसं वाटतं."

"मग सोपं आहे."

"सोपं नाय. तण्हा म्हंजी तहान, हे कळलं. पण तेवढ्यानं गाथा कळत नाय. मॅडम म्हणल्या, वर्षभर थांबा, मग विचारा."

"आणि राज्यसेवा?"

"देऊ की," तो म्हणाला. त्याने अर्ज भरला होता. पूर्वपरीक्षेच्या दिवशी तो केंद्रावर गेला, पेपर सोडवला आणि परत येताना भंतेंबरोबर लेण्यांवर चढून गेला. निकाल लागला तेव्हा आपला क्रमांक बघायला तो गेला नाही. मी जाऊन पाहिला. त्यात त्याचा क्रमांक नव्हता. हे सांगितल्यावर तो "बरं" म्हणाला आणि वाचत राहिला. त्या उन्हाळ्यात तो गावी गेला आणि सुटी संपायच्या आधीच परत आला. मेस बंद होती. चाचांच्या घरून डबा येईपर्यंत आम्ही दोघे मुरमुरे खात होतो.

दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या थोडे आधी, त्याचा थोरला भाऊ आला. सकाळच्या पॅसेंजरने स्टेशनवर उतरून सिटी बसने विद्यापीठात. पांढरा पायजमा, खांद्यावर पिशवी. पिशवीत बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि घरचे लोणी. मला पाहून त्याने विचारले, "पाव्हणे कोणत्या खोलीचे?"

"ह्याच," मी म्हणालो.

"मग जेवा. लाजू नका."

आम्ही तिघे खाली बसून जेवलो. हात धुऊन आल्यावर भावाने खाटेच्या कडेला बसून सुरुवात केली.

"अण्णांचे गुडघे गेले. वजनकाट्यावर उभं राहवत नाय. मी खरेदीला खेड्यांनी फिरतो. मापाला हमाल हायेत, पण डोळा घरचा पायजे."

मालक रिकाम्या पिशवीची घडी घालू लागला.

"तुला बोलवायला आलो नाय. विचारायला आलो. अजून किती?"

"परीक्षा होऊ दे, दादा. मार्च-एप्रिलात हाय."

"कोणती? साहेब व्हायची का ही?"

मालकाने माझ्याकडे पाहिले, मग भावाकडे. "ही," तो म्हणाला.

भावाने खोलीभर नजर फिरवली. खाटेखालच्या पुस्तकांवरून ती भिंतीवरच्या चीवराच्या तुकड्यावर गेली. तो भंतेंनी पुस्तके बांधायला दिला होता. "साहेबासाठी अण्णा आणखी दोन वर्षं काट्यावर उभे ऱ्हायले असते," तो म्हणाला. "मी समजूत घातली असती. बाजारात सांगायला झालं असतं. ह्याच्यासाठी काय सांगू? पोरगं काय शिकतंय म्हणून विचारलं तर मला त्याचं नाव बी नीट घेता येत नाय."

"त्यात वाईट काय हाय?"

"वाईट म्हणलो का मी? परवडत नाय म्हणलो."

आवाज चढला नाही. भाऊ दुपारच्या गाडीने जायला निघाला. मालक त्याला गेटपर्यंत सोडायला गेला. दोघे चालत असताना भावाने त्याच्या सदऱ्याच्या बाहीवरचा दोरा तोडून टाकला, हे मी गॅलरीतून पाहिले. तेवढ्यात बस आली.

मालक परतल्यावर मी विचारले, "साहेबाची म्हणाला असतास तर?"

"तर दादा थांबला असता."

"मग?"

"दोन वेळा तसंच सांगून ऱ्हायलो. तवा ते खरं होतं. आता दादाच्या तोंडावर कसं सांगू?"

त्या संध्याकाळी तो विभागात गेला. मॅडम काय म्हणाल्या ते त्याने सांगितले नाही. भंतेंकडून पुढे कळले ते असे. परीक्षेला बसता येईल, हजेरी आतापर्यंतची पुरेशी आहे, पुस्तके घरी न्या, असे त्या म्हणाल्या होत्या. ग्रंथालयाची पुस्तके त्यांनी स्वतःच्या नावावर काढून दिली.

दिवाळीच्या सुटीत मालक गेला तो परतला नाही. खोली सोडण्याची सही करायला एकदा आला, तेव्हा मी वर्गात होतो. खाट, बादली आणि आरसा त्याने माझ्यासाठी ठेवले. पण मालक गेल्यावर पॅरासाइटला खोली राहत नाही. मी बेगमपुऱ्यात भाड्याने राहायला गेलो. तिथून विद्यापीठ पायी जवळ होते. तरी सकाळी उठल्यावर मी पहिले काही दिवस दारावरच्या टकटकीची वाट पाहिली.

त्याच सुमारास मला एका दैनिकात प्रशिक्षणार्थी म्हणून घेतले. नव्या मुलाला बाजारभाव देत. रोज दुपारी तालुक्यांच्या बाजारांतून फोन येत आणि मी भाव लिहून घेई. लासूर स्टेशनचा फोन आमचा वार्ताहर करी. मी त्याला एकदा मालकाबद्दल विचारले. "काट्यावर असतो," तो म्हणाला. "मापात चोख. लिलाव नसला की कायतरी वाचत बसतो."

एप्रिलमध्ये पालीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा सुरू झाली. पहिल्या पेपरला मालक आला. सकाळच्या पॅसेंजरने आला आणि पेपर संपवून बाहेर पडला तेव्हा मी हॉलबाहेर उभा होतो. उन्हाने काळा झाला होता. आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो. भंतेही होते. त्यांनी कोणता प्रश्न सोडला ते सांगितले. मालकाने एकही सोडला नव्हता.

"चाचा हायेत का अजून?" त्याने विचारले.

"आहेत. तुझी तिसरी बायको कशी आहे म्हणून विचारतात."

तो हसला. डोंगराकडे तोंड करून त्याने चहा संपवला, मग दुसरा मागवला. उद्याच्या पेपरसाठी राहून जा, असे भंते म्हणाले, माझ्या खोलीवर जागा होती. "नको," तो म्हणाला. "कांद्याची आवक लागलीय. सकाळी लिलावाला दादा एकटा पडतो. पहाटे बघतो, कुणी सापडलं काट्याला तर येतो." तो दुपारच्या गाडीने गेला.

दुसऱ्या पेपरला तो आला नाही. पुढच्या पेपरांनाही आला नाही. निकालात त्याच्या नावापुढे एकाच विषयाचे गुण होते, आणि ते वर्गात सर्वांत जास्त होते. दुसऱ्या पेपरच्या दिवशी लासूर स्टेशनला कांद्याचे लिलाव नेहमीच्या वेळी सुरू झाले. त्या दिवशीचा भाव मीच फोनवर लिहून घेतला होता.