आबांबरोबर बँड ऐकला

"बँड ऐकायला पुण्याला? का, लग्नात वाजतो त्यो कमी पडतो व्हय?" आबांनी विचारलं. एरवी मी खो खो हसले असते. पण दिवाळीच्या सुट्टीत किकवीला घरी आले होते आणि कॉन्सर्टचं तिकीट माझ्या वहीतून नेमकं वडिलांच्या, म्हणजे आबांच्याच पायाशी पडलं होतं. कॉलेजचं दुसरं वर्ष. पोरगी पुण्यात थेरं करते असं एकदा आबांच्या मनात बसलं की कॉलेज बंद आणि स्थळं बघायला सुरुवात, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"म्या बी येतो," ते म्हणाले. "बघू तरी काय हाय ते."

झालं! चार वर्षं ज्यांची कॅसेट भोरहून भरून आणून मी झिजवली, त्यांना पहिल्यांदा समोर ऐकायचं, तेही आबांच्या शेजारी उभं राहून.

रविवारी दुपारी चारचा कार्यक्रम होता. मैदानभर काळे टी-शर्ट आणि त्यात आबांची पांढरी टोपी. गिटार कडाडली तसे आबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. त्यात मागून एक केसाळ पोरगा म्हणाला, "काका, नाचा ना!" मेल्याला दुसरं कोणी सापडलं नाही! आबा त्याच्याकडे नुसते बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हाताची घडी घट्ट केली.

आणि माझं गाणं सुरू झालं. शब्द न् शब्द पाठ होता मला. आजूबाजूच्या पोरी उड्या मारत होत्या, ओरडत होत्या, एक तर चक्क रडत होती. माझेही पाय जागचे सुटायला बघत होते. मी दात आवळून उभी राहिले. सगळं गाणंभर मी आबांच्याच चेहऱ्याकडे बघत होते. तो गायक कसा दिसायचा, हे आजही मला नीट सांगता येणार नाही.

परतीच्या एसटीत कात्रजचा बोगदा मागे पडला.

"सगळी येड्यावानी नाचत व्हती," आबा म्हणाले. "तू मातुर जागची हालली न्हाईस. आवडलं न्हाई ना तुला?"

खरं अगदी ओठांवर आलं होतं.

"न्हाई," मी म्हणाले.

"मला वाटलंच. लई घोर लागला व्हता जिवाला." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "शिक तू पुण्यात. आता काळजी न्हाई."

कॉलेज वाचलं होतं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि मला रडूच फुटलं. आबांनी पाठीवरून हात फिरवला.

"उगी, बाय," ते म्हणाले. "परत न्हाई जायचं तिकडं."