गल्लीच्या तोंडाशी हळदीकुंकू

गेल्या रविवारी फरीदाबादला मी हळदीकुंकू केलं... भर रस्त्यात. हौस म्हणून नाही हो, वैतागून!

आम्ही राहतो ती एका बंद पडलेल्या कापड गिरणीची कॉलनी. गिरणी गेली, तिच्या जागेवर टॉवर उभे राहिले, क्वार्टर्स मात्र लोकांनी विकत घेतल्या. नवऱ्याची केंद्र सरकारची नोकरी आणि दिल्लीत घर परवडेना, म्हणून आम्हीही इथे आलो.

शेजारी सावंत काकू राहतात. काका याच गिरणीत नोकरीला होते, रत्नागिरीहून आलेले. आता काका नाहीत, मुलगा बंगलोरला... पण काकू इथून हलायला तयार नाहीत. थंडीत रोज काठी टेकत कोपऱ्यावरच्या पार्कात जायचं आणि मैत्रिणींबरोबर उन्हात बसायचं, हेच त्यांचं जग.

दिवाळीनंतर गल्लीतलं गटार तुंबलं. काळं पाणी थेट दारापर्यंत... लोकांनी विटा टाकल्या आणि त्यांवरून उड्या मारत ऑफिसला जाऊ लागले. काकूंना उड्या कशा जमणार? एकदा प्रयत्न केला आणि घसरल्या. हाड वाचलं, पण त्या दिवसापासून त्या घराबाहेर पडल्याच नाहीत. बोलणं कमी झालं, जेवण निम्म्यावर आलं. नुसत्या खिडकीत बसून त्या पाण्याकडे बघत राहायच्या.

मी महापालिकेच्या ॲपवर तक्रार केली. गटार वाहतंच आहे आणि इकडे मेसेज, 'तक्रारीचं निवारण झालं'! रजा टाकून महापालिकेच्या ऑफिसात गेले तर तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, वो तो मिल की कॉलनी है, मिल से बोलिए." आता बंद गिरणीत जाऊन कुणाशी बोलू? मग त्यांच्याच दुसऱ्या ऑफिसात गेले, तर त्यांनी परत पहिल्याकडे पाठवलं. भागातले नेताजी "बिल्कुल होगा, भाभीजी" म्हणाले आणि गायब झाले. कॉलनीच्या ग्रुपवर माझ्या मेसेजला आले दोन रागावलेले चेहरे... आणि खाली गुड मॉर्निंगची फुलं.

त्यात संक्रांत झाली. दरवर्षी मी गल्लीतल्या सगळ्याजणींना हळदीकुंकवाला बोलावते. पंजाबी, बिहारी, हरियाणवी... सवाष्ण-विधवा असला भेद आमच्याकडे नाही. पण यंदा माझ्या दारापर्यंत कोण येणार? रद्द करते म्हणून काकूंना सांगायला गेले, तर हळूच म्हणाल्या, "राहू दे गं. एवढ्या घाणीतून माणसांनी यावं तरी कशाला?" तक्रारीचा सूर नव्हता. तेच मला लागलं.

समोरच्या बबली भाभीला म्हटलं, गल्लीच्या तोंडाशी कोरडं आहे, तिथेच करू. खरं सांगते, माझ्या डोक्यात फक्त कोरडी जागा होती... पण बबली भाभी पक्की हरियाणवी! तिने सतरंजी अंथरली ती मेन रोडवर आणि खुर्च्या मांडल्या त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्या आणि माझ्या नवऱ्याने काकूंना खुर्चीसकट उचलून पाण्यावरून आणलं. काकू ठेवणीतल्या साडीत, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून... पहिलं कुंकू मी त्यांनाच लावलं.

मग हॉर्न सुरू झाले. रिक्षा अडल्या, गाड्या अडल्या आणि त्यांच्यातच नेताजींची पांढरी गाडी! खाली उतरून म्हणाले, "भाभीजी, ये क्या है? रास्ता खोलिए." मी दोन पावलं मागे सरकले, नवऱ्याची सरकारी नोकरी, उगाच लफडं नको...

बोलल्या काकू. इतकी वर्षं इथे राहूनही कोकणी हेल न सुटलेल्या हिंदीत. "बेटा, हमारा रास्ता तो दिवाली से बंद है. तुम थोडा देर बैठो." आणि त्यांनी नेताजींच्या हातावर तिळगूळ ठेवला. बबली भाभीने लगेच खुर्ची पुढे सरकवली.

नेताजी बसले नाहीत, पण फोन लावला. आमचं वाण वाटून होईपर्यंत मैला उपसणारी गाडी हजर! कॉलनी कुणाची, हे कुणीही विचारलं नाही.

आनंद झाला, नाही असं नाही. पण संताप जास्त आला... एका म्हाताऱ्या बाईला खुर्चीतून उचलून रस्त्यात आणून बसवल्याशिवाय कुणाला दिसू नये? बबली भाभी आणि आमच्या सगळ्याजणी होत्या म्हणून निभावलं. त्यांचे मनापासून आभार.

सोमवारी सकाळी काकू काठी टेकत पार्काकडे निघाल्या. माझ्या दाराशी थांबून म्हणाल्या, "पुढच्या वेळी अर्ज-बिर्ज करत बसू नकोस गं... आधी खुर्च्या काढ."