दोन काठ

ब्लाउज टाकायला गेले, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या सुमनताई एका जुन्या साडीचे काठ उसवत बसल्या होत्या. साडीचं अंग पार विरलं होतं, काठांची जर मात्र लखलखीत.

"दोन्ही काठ ठेवायचे आणि मधे नवं कापड लावायचं. नातीला छान परकर होईल," त्या म्हणाल्या.

माझ्या लेकीच्या, अनूच्या स्नायूंच्या आजारावर डॉक्टरांनी असंच काहीसं सांगितलं होतं. औषध पेशींपर्यंत न्यायला एक निरुपद्रवी विषाणू वापरतात; त्याची स्वतःची जनुकं काढून टाकतात, धाग्याची दोन टोकं तेवढी ठेवतात, कारण टोकांशिवाय आतला ऐवज भरलाच जात नाही. मधे बसवतात ते जनुक, जे अनूकडे जन्मापासून नव्हतं. मी ते सगळं स्तोत्रासारखं पाठ केलं होतं.

मग रक्ताचा अहवाल आला. तो विषाणू कधीतरी तिच्या शरीरात येऊन गेला होता, तिला साधी शिंकही न येता. शरीराने त्याला ओळखून ठेवलं होतं. आता तो औषध घेऊन आला, तरी शरीर त्याला दारातच मारणार होतं.

"म्हणजे मी ताकदवान आहे ना, आई?" अनूने विचारलं. पाण्याचा पेला तिला उचलवत नव्हता. मी हो म्हणाले.

अनूला जाऊन दोन वर्षं झाली. सुमनताईंकडून घरी येऊन कपाट उघडलं. ती बरी झाली की परकर शिवायचा, म्हणून माझ्या लग्नातल्या शालूचे काठ मी तेव्हाच उसवून ठेवले होते. दोन्ही तसेच आहेत. मधलं कापड तेवढं घेतलं नव्हतं. म्हटलं, आधी रक्ताचा अहवाल येऊ दे.