आधी काय खाल्लं ते सांगा

१४ जानेवारी. आज संक्रांत. सकाळी अंगण झाडलं, पाणी भरलं. थोड्या वेळाने शेजारच्या मंगलताई तिळाच्या वड्यांची ताटली देऊन गेल्या. दुपारी जरा पडलो. आता हा लेख लिहायला बसलो आहे.

डॉ. कुमुदिनी सोनटक्के यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी समितीने माझ्याकडे लेख मागितला, त्याला बरेच दिवस झाले. मला लिहिण्याची सवय नाही. माझी सारी नोकरी वालचंदनगरला, कारखान्यात मापं तपासण्याच्या खात्यात झाली. शिवाय मॅडमची ओळख झाली ती माझी पत्नी सुमन हिच्यामुळे, आणि सुमन गेल्या श्रावणात हृदयविकाराने वारली. तिच्याबद्दल लिहायला हात होत नव्हता. आज वड्या समोर आल्या, तेव्हा वाटलं की आता लिहावं.

काही वर्षांपूर्वी अशाच एका संक्रांतीला सुमन हळदीकुंकवाहून घरी आली ती ओठ सुजलेले घेऊन. अंगावर गांधी उठल्या होत्या, घसा आवळल्यासारखा वाटत होता. इंदापुरातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सूज उतरली. कुणाकडे काय खाल्लंस, असं मी विचारलं. “असंच, सगळीकडं थोडं थोडं,” एवढंच ती म्हणाली.

मनात भीती मात्र बसली. पुढे गावातल्या मंगल कार्यालयात रक्त तपासणीचं शिबिर भरलं. एकदा रक्त द्यायचं, आणि कोणते पदार्थ तुम्हाला चालत नाहीत ते सगळे कळतात, अशी जाहिरात होती. सुमन शेजारणींबरोबर जाऊन रक्त देऊन आली. रंगीत रिपोर्ट आला. गहू, दूध, ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, तीळ यांच्यापुढे लाल खुणा होत्या. आमच्या घरात रोज जे शिजायचं, त्यातलं जवळजवळ सगळं लाल.

सुमन शिस्तीची होती. त्या दिवसापासून तिने ते सगळं सोडलं. भात आणि दुधी यांवर राहू लागली. वाळत गेली. लग्नाला, बारशाला जाईनाशी झाली, कारण तिथे आग्रह होतो आणि नाही म्हणणं जड जातं. लग्नापासून आम्ही दोघं एकाच वेळी जेवायला बसत होतो, ते थांबलं. मला वाढून ती आतल्या खोलीत जाऊन बसायची. पोळीचा वास नको वाटतो, म्हणायची.

तीच तपासणी पुन्हा करून काही खुणा कमी झाल्या का ते बघावं, म्हणून आम्ही एसटीने बारामतीला मॅडमच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये गेलो. ती आमची पहिली भेट.

बाकावर बसलो होतो. आमच्या आधी सांगवीचे एक आबा नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. मॅडम स्वतः बाहेर येऊन त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. मुलाने दूध कधी प्यायलं, त्यानंतर किती वेळाने पुरळ आलं, दही खाल्लं तर काय होतं, असं सगळं त्यांनी सावकाश विचारून घेतलं. मग म्हणाल्या, “याचं रक्त तपासायला पाहिजे. फक्त दुधासाठी.”

आबा गंभीर झाले. “आन् निघालं तर? गोठ्यात सहा म्हशी हायती. इकायच्या का काय?”

“म्हशींनी काय केलंय, आबा? त्या राहू द्या. दूध डेअरीला घाला, नातवाला नको. पुष्कळ मुलांचं हे मोठेपणी जातंही. पुन्हा तपासून बघू.”

“म्हंजी म्हशी बी राहत्याल आन् नातू बी,” आबा म्हणाले. सगळा बाक हसला. मॅडमही हसल्या.

मग आमची पाळी आली. सुमनने बाही वर केली. मॅडम म्हणाल्या, “सुई कुठे पळून जात नाही. आधी काय खाल्लं ते सांगा.”

सुमनने रिपोर्ट पुढे केला. तो त्यांनी पूर्ण वाचला, बाजूला ठेवला आणि विचारलं, “सुमनताई, तुम्ही पोळी रोज खात होता ना? दूध, डाळ, शेंगदाणे?”

“रोज.”

“मग रक्त तेवढंच सांगतंय. जे रोज पोटात जातं, त्याची ओळख रक्तात राहते. ती ओळख म्हणजे आजार नव्हे. ही तपासणी मी करत नाही आणि तुमचीही पुन्हा करणार नाही.”

“मग ओठ कशानं सुजले?”

“ते मला तुमच्याकडूनच कळणार आहे. त्या दिवशी कुणाकडे, काय खाल्लं?”

सुमन रिपोर्टाची घडी घालू लागली. मॅडमनी माझ्याकडे पाहून चहाची टपरी कुठे आहे ते सांगितलं. मी समजलो आणि बाहेर गेलो.

परतताना एसटीत सुमनने मला सांगितलं. सूज मंगलताईंच्या घरी वडी खाल्ल्यावर लगेच आली होती. पण नाव घेतलं असतं, तर त्या बाईच्या हातचं पुन्हा कुणी खाल्लं नसतं. गल्लीत बोलणं पसरायला वेळ लागत नाही. “रक्त तपासलं म्हणजे कुणाच्या घराचं नाव येत नाही, म्हणून मी शिबिरात गेले,” ती म्हणाली. इतके महिने तिने हे मलाही सांगितलं नव्हतं. पहिल्या भेटीत मॅडमना सांगितलं.

मॅडमनी तिला सुचवलं होतं, “त्या बाईंना काही बोलू नका. बारामतीच्या बाजाराला म्हणून सोबत घेऊन या.”

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं गेलो. मॅडमनी चहा मागवला आणि मंगलताईंना म्हणाल्या, “तुमच्या वड्यांची फार तारीफ ऐकली. माझ्या दरवर्षी दगड होतात. कशा करता?”

मंगलताई खुलल्या. “पाक फुडं जात आसंल मॅडम तुमचा. गूळ इरघळला की लगेच तीळ टाकायचं, दाण्याचं कूट टाकायचं. आन् एक सांगते, पर कुणाला सांगू नगा. मूठभर काजूची पूड. दिसत न्हाय, पर वडी कशी लोण्यावानी हुतीय!”

सुमनने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मंगलताईंवरची नजर हलवली नाही. वेलदोडा किती, थापायची कधी, हे सगळं विचारून त्यांनी कृती शेवटपर्यंत ऐकली. मगच सुमनला विचारलं, “काजू एरवी खाता?”

काजू आमच्या घरी येतच नव्हता. पण एका दिवाळीत कुणी दिलेली काजूकतली खाऊन घसा खाजला होता, हे सुमनला आता आठवलं. रंगीत रिपोर्टात काजूपुढे हिरवी खूण होती. जे ती कधी खात नव्हती, त्याची रक्ताला ओळख कमी, म्हणून हिरवी. आणि खरा धोका तिथेच होता.

मॅडमनी फक्त काजूच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्त घेतलं. पुढे रिपोर्ट आला, तो हकिकतीशी जुळला. पण रक्त घेतलं त्याच दिवशी त्यांनी मंगलताईंचा हात धरून सगळं समजावलं. “तुमच्या हाताला काही दोष नाही. तुम्ही मनमोकळं सांगितलंत, म्हणून सुमनताईंचा मार्ग मोकळा झाला.”

“आगं बया!” मंगलताई म्हणाल्या. “आन् मी काकूंना मायेनं दोन जादा चारल्या की!”

सुमन हसली. कित्येक महिन्यांनी तिला हसताना पाहिलं.

काजू कायमचा बंद झाला. बाहेर जेवताना विचारून खायचं ठरलं, आणि वेळ आली तर काय करायचं ते मॅडमनी आम्हा दोघांकडून पाठ करून घेतलं. बाकीचे पदार्थ त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांच्या देखरेखीखाली एकेक करून सुरू केले. ज्या दिवशी पोळी सुरू झाली, त्या दिवशी सुमनने दोन ताटं घेतली.

माझ्या खात्यात आम्ही नव्या पोरांना सांगायचो, काय मोजायचंय ते आधी ठरवा, मग माप हातात घ्या. मॅडमचं काम मला तसंच वाटतं. त्या शिबिरवाल्यांनी त्यांनाही रक्त गोळा करण्याचं केंद्र देऊ केलं होतं. “ज्याचा अर्थ मला पेशंटला सांगता येत नाही, ते मी विकणार नाही,” असं म्हणून त्यांनी नकार दिला. बोलताना विषय निघाला म्हणून हे कळलं, एरवी त्या स्वतःहून सांगणाऱ्या नाहीत.

सुमन गेल्यावर मॅडम या वयात बारामतीहून भेटायला आल्या. येणारे सगळे हे कसं झालं, किती वाजता झालं, असं विचारत होते. मॅडम माझ्याशेजारी येऊन बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “त्या दिवशी काय जेवल्या होत्या?”

मी सांगितलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचं कूट घातलेली दोडक्याची भाजी, शेवटी दूधभात. दोघं बरोबर बसलो होतो. भाजी छान झाली, असं ती म्हणाली होती. लॅबमध्ये ऐकायच्या तसंच मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. सुमन गेल्यानंतर मी पहिल्यांदा रडलो तो तेव्हा.

मॅडम अजून सकाळी लॅबमध्ये बसतात, बाकावरच्या माणसाला काय खाल्लं ते विचारतात. त्यांचे कान, डोळे आणि हात असेच चांगले राहोत. त्यांना भरपूर आयुष्य मिळो, आणि त्या सगळ्या वर्षांत भूक चांगली लागो, झोप शांत लागो. आमच्या घराला त्यांनी एकत्र जेवण्याची वर्षं परत दिली. याहून मोठं काय म्हणावं, मला माहीत नाही.

सकाळी मंगलताई दारात म्हणाल्या होत्या, “काका, काजू न्हाय घातला. आता घातला आसता तरी चाललं आसतं, पर हात झाला न्हाय.”

एक वडी खाल्ली, बाकीच्या डब्यात भरल्या. ताटली धुऊन पुसली. रिकामी परत द्यायची नसते, म्हणून सुमन करायची तशी त्यात मूठभर साखर घातली आणि वर वाटी झाकून ठेवली.